जुन्या फोनांची नेटवर्क-कुलुपे : ठाण्यातील एका अभ्यासिकेच्या प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

अभ्यासिकेच्या कपाटात आज सहावा फोन आला. रात्रशाळेत शिकणाऱ्या ज्या मुलांच्या घरी एकच फोन आहे आणि तोही दिवसभर वडिलांबरोबर कामावर जातो, अशा सहा मुलांना जुने पण धड चालणारे फोन द्यायचे, असे दिवाळीनंतरच्या बैठकीत ठरले होते. पाच फोन देणगीतून मिळाले. सहावा वर्गणीतल्या ९,००० रुपयांतून ठाणे स्टेशनाजवळच्या एका गाळ्यातून विकत घेतला. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात मी तीस वर्षे मोजमापाची उपकरणे दुरुस्त केली, म्हणून फोन तपासण्याचे काम अभ्यासिकेच्या ताईंनी माझ्याकडे सोपवले. ज्याला प्रेशर गेज उघडता येतो त्याला मोबाइलही उघडता येतो, असा त्यांचा समज आहे आणि तो मोडण्याची मला हिंमत झाली नाही.

प्रत्येक फोनच्या पाठीवर कागदी पट्टी चिकटवून क्रमांक घातले. एक नंबरचा आयफोन एसई हा २०२० चा असून माझ्या पुतण्याने तो न्यू जर्सीहून पाठवला आहे. दोन नंबरचा सॅमसंग गॅलेक्सी समोरच्या इमारतीतील वहिनींच्या मुलाने अमेरिकेहून परतताना आणला. तीन नंबरचा मोटोरोला ताईंच्या लेस्टरच्या बहिणीचा, चार नंबरचा सॅमसंग दुबईचा आणि पाच नंबरचा जिओफोन सोसायटीतल्या एका आजींचा आहे. सहा नंबर म्हणजे बाजारातून घेतलेला आयफोन एक्सआर. सगळे चार्ज होतात, पडदे शाबूत आहेत. कामाला फार तर दोन रविवार लागतील, असे मी ताईंना सांगून आलो.

१२ जानेवारी, रविवार

दोन रविवार पुरणार नाहीत. जिओ आणि एअरटेल अशी दोन चालू सिमकार्डे घेऊन बसलो आणि प्रत्येक फोनमध्ये आळीपाळीने घालून पाहिली. एक, दोन आणि तीन या फोनांनी दोन्ही सिमे नाकारली. आयफोनने ‘सिम नॉट सपोर्टेड’ असे सांगितले. गॅलेक्सीने आणि मोटोरोलाने नेटवर्क अनलॉकचा पिन मागितला. चार आणि सहा या फोनांवरून फोन लागला. जिओफोनने जिओचे सिम घेतले आणि एअरटेलचे नाकारले.

पॉलिटेक्निकला जाणारा आमचा मदतनीस म्हणाला, ‘काका, फॅक्टरी रिसेट मारू या, लॉक निघून जाईल.’ हा समज इतका पसरलेला आहे की त्याविषयी येथे सविस्तर लिहून ठेवतो. फोनच्या बाबतीत ‘लॉक’ हा एकच शब्द आपण निदान चार वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. पडद्याचे कुलूप मालकाने लावलेले असते. खात्याचे कुलूप, म्हणजे आयफोनवर २०१३ पासून आणि अँड्रॉइडवर २०१५ पासून आलेली चोरीविरोधी व्यवस्था, मूळ मालकाचा पासवर्ड मागते. चोरीची तक्रार झालेल्या फोनवर सरकारी यंत्रणा आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनच्या स्वतंत्र ओळख-क्रमांकानुसार बंदी घालते, ती तिसरी गोष्ट. नेटवर्कचे कुलूप या तिन्हींहून निराळे असून ते फोन स्वस्तात किंवा हप्त्यांवर विकणाऱ्या सेवा कंपनीने, दुसऱ्या कंपनीचे सिम चालू नये म्हणून लावलेले असते. फोन पुसून कोरा केला तरी ते जात नाही, कारण वापरणाऱ्याची चित्रे आणि संदेश जिथे साठतात त्या जागेत ते नसतेच. ते मोडेमच्या, म्हणजे फोनमधल्या नेटवर्कशी बोलणाऱ्या चिपच्या राखीव भागात, आणि आयफोनच्या बाबतीत तर उत्पादकाच्या सर्व्हरवरील नोंदीत असते. रिसेट केल्याने कुलूप राहील ते राहीलच, शिवाय जुना मालक खात्यातून बाहेर पडलेला नसेल तर दुसरे कुलूप नव्याने अंगावर येईल. म्हणून कोणताही फोन पुसण्याआधी देणगीदाराला विचारायचे, असा नियम आजपासून केला.

सहाव्या फोनपुढे वहीत ‘निर्दोष’ असा शेरा लिहिला.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत असल्याने काम झाले नाही. तिळगूळ देताना वहिनींनी सांगितले की त्यांच्या मुलाचा फोन प्रीपेड योजनेतला होता आणि त्याने तो जेमतेम सात महिने वापरला होता. ही माहिती आधी मिळायला हवी होती.

१९ जानेवारी, रविवार

आठवडाभर या विषयावरचे जे सापडेल ते वाचले. कुलूप नेमके काय तपासते हे समजल्यावर पुष्कळ धुके निवळले, त्यामुळे ते माझ्या शब्दांत नोंदवतो.

प्रत्येक सिममध्ये ग्राहकाची ओळख सांगणारा आयएमएसआय नावाचा क्रमांक असतो आणि तो बहुधा १५ अंकी असतो. त्याचे पहिले तीन अंक देशाचे : भारतासाठी ४०४ आणि ४०५, ब्रिटनसाठी २३४ आणि २३५, अमेरिकेसाठी ३१० पासून पुढचे काही. त्यानंतरचे दोन किंवा तीन अंक सेवा कंपनीचे. फोन सुरू होताना मोडेम सिमकडून हा क्रमांक घेतो आणि आपल्याजवळच्या यादीशी ताडून पाहतो. यादीत ती कंपनी नसेल तर तो नेटवर्कवर जाण्यास नकार देतो. मोबाइलच्या आंतरराष्ट्रीय मानकात अशा कुलपांचे पाच प्रकार सांगितले आहेत : संपूर्ण नेटवर्कचे, नेटवर्कच्या एका भागाचे, सेवा विकणाऱ्या कंपनीचे, एखाद्या संस्थेचे आणि थेट एकाच सिमचे. आपल्यापुढे येतात ती जवळजवळ सगळी पहिल्या प्रकारची.

ते उघडण्याचे मार्ग दोन. अँड्रॉइडच्या पुष्कळ फोनांत एक गुप्त कोड घालावा लागतो. जुन्या काळच्या नोकियाच्या अनेक फोनांचा कोड आयएमईआय क्रमांक आणि कंपनीचा क्रमांक यांवरून गणिताने काढता येत असे, म्हणून वीस वर्षांपूर्वी कोपऱ्यावरचा दुकानदार तो दोन मिनिटांत काढून देई. आताचे कोड यादृच्छिक असतात आणि ते फक्त कंपनीच्या नोंदवहीत असतात; कोणत्याही सूत्राने ते निघत नाहीत. आयफोनमध्ये तर कोडच नाही. फोन नव्याने सुरू करताना तो उत्पादकाच्या सर्व्हरला आपला आयएमईआय कळवतो आणि कोणत्या कंपन्यांची सिमे चालवायची याचा परवाना घेऊन येतो. सेवा कंपनीने उत्पादकाला ‘हा मोकळा करा’ असे कळवले की पुढच्या वेळी परवाना मोकळा मिळतो.

थोडक्यात, आमच्या टेबलावर स्क्रू-ड्रायव्हर, मल्टिमीटर आणि भिंग मांडून ठेवले आहे त्यांपैकी एकाचाही उपयोग नाही. कुलूप हातात असले तरी किल्ली सातासमुद्रापार एखाद्या कारकुनाच्या संगणकात आहे, आणि ती मागण्याचा अधिकार ज्याने फोन विकत घेतला त्याला आहे. हे काम दुरुस्तीचे नसून पत्रव्यवहाराचे आहे. तीस वर्षांच्या कारागिराला ही गोष्ट पचायला जड गेली.

दुबईच्या फोनविषयी एक नोंद. त्याच्या खोक्यावर ‘फक्त अमुक प्रदेशातील सिम चालेल’ अशा अर्थाचे लेबल आहे आणि ताई ते वाचून घाबरल्या होत्या. सॅमसंगने २०१३ च्या सुमारास गॅलेक्सी नोट ३ पासून ही प्रादेशिक अट आणली. ती कंपनीच्या कुलपापेक्षा सौम्य असते : त्या प्रदेशातील सिमवरून सुरुवातीला पाच मिनिटांचे संभाषण झाले की ती कायमची सुटते. पहिल्या मालकाने तो फोन तीन वर्षे तिथेच वापरला असल्याने ती केव्हाच सुटली आहे. चार नंबर तयार.

२० जानेवारी, सोमवार

घडू नये ते घडले. मदतनिसाने काल रात्री उत्साहाच्या भरात एका संकेतस्थळावर गॅलेक्सीचा आयएमईआय घातला, त्याने दिलेले ‘कोड’ एकामागून एक फोनमध्ये घातले आणि तीन प्रयत्न वाया घालवले. चुकीच्या प्रयत्नांची मर्यादा ठरलेली असते, ती मॉडेलनुसार बदलते आणि ती संपली की फोन असा गोठतो की मग खरा कोडही चालत नाही. त्यासाठी गोठण उतरवणारा दुसरा कोड लागतो आणि तोही कंपनीकडेच असतो. पोरगा रडवेला झाला होता, म्हणून फार बोललो नाही. फोनवर लाल पेनाने ‘कोड घालू नये’ अशी पट्टी लावली.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदनानंतर तीन पत्रे रवाना केली, म्हणजे तीन देणगीदारांना काय करायचे ते व्हॉट्सॲपवर लिहून कळवले. आयएमईआय फोनच्या डायलवर स्टार-हॅश-०६-हॅश दाबून काढला. खोक्यावरचा क्रमांक वापरला नाही, कारण जुन्या फोनबरोबर दुसऱ्याच फोनचे खोके येणे मुळीच दुर्मिळ नाही.

देशोदेशींचे नियम पाहताना लक्षात आले की आपली मागणी काही अवास्तव नाही. ब्रिटनमध्ये नियामक ऑफकॉमने डिसेंबर २०२१ पासून सेवा कंपन्यांना कुलूपबंद फोन विकण्यास मनाई केली. कॅनडात ती डिसेंबर २०१७ मध्ये आली आणि जपानने ऑक्टोबर २०२१ पासून तत्त्वतः तेच केले. लेस्टरचा मोटोरोला २०१९ चा असल्याने तो या मनाईच्या आधीचा आहे. अमेरिकेत मात्र कुलूप लावणे आजही चालते. तिथे जानेवारी २०१३ पासून काही काळ अशी स्थिती होती की कंपनीच्या परवानगीवाचून नव्या फोनचे कुलूप काढणे हा स्वामित्वहक्क कायद्याचा भंग ठरत होता. लाखाहून अधिक लोकांनी सह्या करून विरोध केला आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामा यांच्या सहीने ग्राहकाला तो हक्क परत देणारा कायदा झाला. पण हक्क मिळाला तो कुलूप काढण्याचा. कंपनीने कोड दिलाच पाहिजे असे काही त्या कायद्यात नाही. हप्ते फिटलेले असणे आणि ठरावीक काळ सेवा वापरलेली असणे या अटी कंपन्याच ठरवतात.

आपल्याकडे सिम घेताना फोन वेगळा आणि सेवा वेगळी अशीच रीत पडल्यामुळे हा प्रश्न फारसा कुणाला ठाऊक नसतो. अपवाद आहेत. २००८ च्या ऑगस्टमध्ये एअरटेल आणि व्होडाफोनने भारतात आणलेला आयफोन थ्रीजी कुलूपबंद होता. त्याही आधी, २००३ च्या पावसाळ्यात ५०१ रुपये भरून जे रिलायन्सचे फोन घरोघरी आले, त्यांत तर काढून दुसरीकडे घालायला सिमच नसे. नंबर फोनच्याच पोटात भरलेला असे. त्या कंपनीचा कारभार इथूनच, नवी मुंबईच्या कोपरखैरण्याहून चालायचा. माझ्या मेहुण्याने तो फोन सेवा बंद झाल्यावरही कित्येक वर्षे घड्याळ म्हणून उशाशी ठेवला होता. जिओफोनही त्याच परंपरेतला : २०१७ साली १,५०० रुपयांच्या परताव्याच्या ठेवीवर आलेला आणि फक्त जिओच्याच सिमवर चालणारा. त्याचे कुलूप काढण्याच्या भानगडीत पडायचे नाही. जिओचे सिम घालायचे आणि विषय मिटवायचा. पाच नंबर तयार.

१ फेब्रुवारी, शनिवार

पुतण्याने मागणी-अर्ज भरला होता, पण कंपनीने ईमेलवर पाठवलेली पुष्टीची लिंक २४ तासांत दाबायची असते आणि तो झोपून राहिला. पुन्हा अर्ज केला.

२ फेब्रुवारी, रविवार

आज सहाव्या फोनने दगा दिला. ज्या मुलीला तो द्यायचा आहे ती चालवून पाहायला आली होती. फोनने नवी आवृत्ती उतरवायला सांगितली, तिने शहाण्या मुलीसारखे ‘हो’ म्हटले आणि पाऊण तासाने फोन पुन्हा चालू झाला तेव्हा पडद्यावर तेच शब्द आले : ‘सिम नॉट सपोर्टेड’. जो फोन तीन आठवडे बिनबोभाट चालत होता तो एकाएकी अमेरिकेचा झाला.

सिमचा ट्रे पिनेने बाहेर काढला आणि भिंगाखाली धरला. सिमच्या खाली, कागदापेक्षा किंचित जाड, हिरवट रंगाची एक चकती चिकटवलेली होती आणि तिच्या एका कोपऱ्यात मोहरीच्या दाण्याएवढी चिप होती. बाजारात हिला आर-सिम किंवा टर्बो सिम म्हणतात आणि असा फोन तो ‘चिपवाला’. ती सिम आणि फोन यांच्या मध्ये बसून दुभाष्याचे काम करते, मात्र लबाड दुभाष्याचे. फोन परवाना मागायला जातो तेव्हा ती खऱ्या सिमचा क्रमांक लपवून मूळ अमेरिकन कंपनीचा क्रमांक पुढे करते. परवाना मिळाला की खऱ्या सिमला बोलू देते. कुलूप तसेच राहते, पहारेकऱ्याला फक्त चकवलेले असते. म्हणूनच उत्पादकाने नवी आवृत्ती काढून ही पळवाट बुजवली की फोन पुन्हा बंद पडतो आणि मग नव्या चकतीच्या शोधात फिरावे लागते.

चूक माझी आहे. आयफोनच्या सेटिंगमध्ये ‘जनरल’ आणि त्याखाली ‘अबाउट’ या पानावर ‘कॅरियर लॉक’ नावाची ओळ असते. तिच्यापुढे ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ असे असेल तरच फोन मोकळा समजायचा. सहाव्या फोनवर फोन लागतो आहे एवढे पाहून मी ‘निर्दोष’ लिहिले आणि ते पान उघडलेच नाही. आज उघडले तर तिथे ‘सिम लॉक्ड’ असे स्वच्छ लिहिलेले होते. कारखान्यात एखाद्या पोऱ्याने काटा हलतो एवढे पाहून गेज पास केला असता तर मी त्याला दिवसभर सुनावले असते.

९ फेब्रुवारी, रविवार

बिलावर दुकानदाराच्या हस्ताक्षरात ‘फॅक्टरी अनलॉक’, म्हणजे मुळातच कुलूप नसलेला, असे शब्द आहेत, ही जमेची बाजू. त्यावर लिहिलेला आयएमईआय मात्र फोनच्या क्रमांकाशी जुळेना. आधी मनात काळेबेरे आले, मग आकडेमोड केली. आयएमईआयच्या १५ अंकांपैकी पहिले आठ मॉडेल सांगतात, पुढचे सहा त्या नगाचा अनुक्रम आणि शेवटचा अंक निव्वळ पडताळ्याचा असतो. डावीकडून दुसरा, चौथा, सहावा असे अंक दुप्पट करायचे, दुपटीत दोन अंक आले तर त्यांची बेरीज घ्यायची, मग सगळ्यांची बेरीज करायची. ती दहाच्या पटीत आली पाहिजे. मदतनिसाने पाटीवर मांडले. बिलावरच्या क्रमांकाचा पडताळा चुकला, फोनवरच्या क्रमांकाचा जमला. दुकानदाराने घाईत १ चा ७ केला होता, एवढेच. हिशेब झाल्यावर पोराचा चेहरा उजळला; २० जानेवारीनंतर प्रथमच तो टेबलाशी मोकळेपणाने बसला.

तोच क्रमांक ‘केवायएम’ या अक्षरांपुढे लिहून १४४२२ वर संदेश पाठवला. उत्तरात कंपनी आणि मॉडेल बरोबर आले आणि क्रमांक वैध असल्याचे कळले. दूरसंचार विभागाच्या या सोयीचा मुंबई परिसरात २०१९ साली प्रारंभ झाला आणि मे २०२३ पासून ती देशभर आहे. जुना फोन घेताना पैसे मोजण्याआधी हा संदेश पाठवलाच पाहिजे; पण त्यातून फोन भारतात चोरीचा म्हणून बंद केलेला नाही एवढेच कळते. परदेशी कंपनीचे कुलूप त्याला दिसत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

संध्याकाळी गाळ्यावर गेलो. गर्दी ओसरेपर्यंत बाहेरच थांबलो, कारण चारचौघांत विषय काढला की दुकानदार आधी बचावाला उभा राहतो.

‘काका, अपडेट कशाला केलंत?’ हा त्याचा पहिला प्रश्न होता. ‘कंट्री लॉकचा माल असतो, चिप टाकली की चालतो. सगळेच घेतात.’

‘बिलावर फॅक्टरी अनलॉक लिहिलंय तुम्ही.’

‘तसंच लिहितात, काका.’

तो लबाड आहे असे मला वाटले नाही. त्याने परदेशातून आलेल्या मालाचा लॉट घाऊक घेतला होता, त्याला तो चिपसकट मिळाला होता आणि ‘चालतो’ म्हणजेच ‘अनलॉक’ असा त्याच्या धंद्यातला अर्थ होता. मूळ कंपनी कोणती हेही त्याला सांगता येईना. ते चकतीच्याच मेनूत सापडले, कारण कोणत्या कंपनीचे सोंग घ्यायचे हे तिथे निवडून ठेवलेले असते. शेजारच्या टेबलावरचा एक कारागीर मध्येच म्हणाला की आयएमईआयच बदलून देतो, म्हणजे कटकट नाही. त्याला मी हात जोडले. दूरसंचार कायदा २०२३ नुसार अशी छेडछाड हा गुन्हा असून त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि अभ्यासिकेतल्या मुलीच्या हातात असा फोन देणे तर कल्पनेपलीकडचे आहे.

दुकानदाराशी ठरले ते असे : मी मूळ कंपनीकडे रीतसर मागणी करायची, ती मान्य झाली तर फोन आमचा, नाकारली गेली तर त्याने तो परत घ्यायचा.

१९ फेब्रुवारी, बुधवार

पुतण्याचे काम झाले. कंपनीची मान्यता आली, तरी फोन जुन्याच थाटात बसला होता, कारण नवा परवाना फोन पुन्हा सुरू करतानाच मिळतो. पुतण्याकडून व्हिडिओ कॉलवर त्याचे खाते काढून घेतले, फोन पुसला, एअरटेलचे सिम घालून वायफायवर नव्याने सुरू केला. ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’. मग जिओचे सिम घालूनही पाहिले. एक नंबर तयार.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आज दहावीची परीक्षा सुरू झाली. अभ्यासिकेत बोलायलाही बंदी असल्याने काम थांबवले आहे. लेस्टरहून कोड आला, पण तो परीक्षेनंतर घालायचा असे ताईंचे म्हणणे पडले. मी ऐकले नाही आणि गॅलरीत उभे राहून घातला. पहिल्याच प्रयत्नात मोटोरोला उघडला. घालण्यापूर्वी मी कोड कागदावर उतरवला, मदतनिसाकडून मोठ्याने वाचून घेतला आणि मगच एकेक अंक दाबला.

२३ फेब्रुवारी, रविवार

सहाव्या फोनचे उत्तर आले : नकार. त्या आयएमईआयवरची रक्कम पूर्ण भरलेली नाही. कोणीतरी हप्त्यांवर फोन घेतला, हप्ते सोडले, फोन विकला आणि तो दोन-चार हातांतून ठाण्यात आला. त्या पहिल्या ग्राहकाचे नाव आम्हाला कळणार नाही आणि कंपनीने ते सांगूही नये. माझ्या दृष्टीने कंपनीचे बरोबर आहे. न फिटलेल्या कर्जाची वस्तू मोकळी करायला तिने का तयार व्हावे? सोसायचे मात्र ज्याचा त्या व्यवहाराशी संबंध नाही त्याला.

गॅलेक्सीचेही उत्तर आले आणि अपेक्षेप्रमाणे तेही नकाराचेच : प्रीपेड फोन वर्षभर त्यांच्या सेवेवर चालू असावा लागतो आणि हा सातच महिने चालला. वहिनी म्हणाल्या, मुलगा परत गेला की उरलेले पाच महिने वापरून आणील. तो परत जाणार की नाही हे अजून ठरलेले नाही.

२ मार्च, रविवार

ईमेलची छापील प्रत घेऊन गाळ्यावर गेलो. दुकानदाराने ती दोनदा वाचली आणि शब्द पाळला. पैसे परत न घेता बदली फोन घ्यावा अशी त्याची विनंती होती. मी भारतात विकला गेलेला रेडमी निवडला. यावेळी मात्र गाळ्यावरच बसून सगळे तपासले : ट्रे बाहेर काढून दोन्ही बाजूंनी पाहिला, आयएमईआयचा पडताळा केला, १४४२२ वर संदेश पाठवला, जुन्या मालकाचे खाते उरलेले नाही ना हे पाहण्यासाठी फोन पुसून सुरू केला आणि दोन्ही सिमांवरून घरी फोन लावला. वीस मिनिटे गेली. दुकानदार चहा पाजून थकला.

त्याच बैठकीत त्याने काचेखालचे चार आयफोन माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाला, ‘काका, एवढे बघून द्या.’ एकावर मॉडेल क्रमांकाच्या शेवटी भारताची ‘एचएन’ ही अक्षरे होती आणि तो मोकळा निघाला. उरलेल्या तिघांवर अमेरिकेची ‘एलएल’ अक्षरे होती. त्यांतला एक मोकळा होता, दोघांच्या ट्रेमध्ये चकत्या. दुकानदाराने त्या दोघांवर निळ्या पेनाने ‘चिप’ असे लिहिले आणि किंमत २,००० रुपयांनी उतरवली. त्याने पुढच्या लॉटलाही तसेच लिहिले तर बरे.

९ मार्च, रविवार

मोटोरोलाने थोडा त्रास दिला. कुलूप उघडल्यावर जिओच्या सिमवर इंटरनेट चालत होते, पण फोन लागत नव्हता. हा कुलपाचा दोष नव्हे. जिओकडे टूजी-थ्रीजी मुळी नाहीच. तिथे प्रत्येक संभाषण फोरजीवरून, म्हणजे व्होल्टीने जाते, आणि परदेशी कंपनीसाठी तयार केलेल्या फोनच्या आज्ञावलीत आपल्या कंपन्यांच्या व्होल्टीची मांडणी नसेल तर आवाज जात नाही. एअरटेलचे सिम घातल्यावर फोन टूजीवर उतरला आणि बोलणे सुरू झाले. तेव्हा हा फोन ज्या मुलाला द्यायचा त्याला एअरटेलचेच सिम घ्यायला सांगायचे. याच कारणाने परदेशी फोन घेताना त्याचे फोरजीचे पट्टेही, म्हणजे तो कोणत्या लहरींवर चालतो हेही पाहावे. जिओचे ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झचे, म्हणजे ५, ३ आणि ४० या क्रमांकांचे आहेत. कुलूप निघाले आणि पट्टाच नसला तर घराच्या आतल्या खोलीत नेटवर्क मिळत नाही. शिवाय २०२२ च्या आयफोन १४ पासून अमेरिकेत विकलेल्या आयफोनांना सिमचा ट्रेच नाही. ते फक्त ई-सिमवर, म्हणजे फोनमध्येच बसवलेल्या सिमवर चालतात, हेही देणगीदारांना पाठवायच्या पत्रात लिहिले.

३० मार्च, रविवार

पाडव्याला पाच फोन पाच मुलांना दिले. प्रत्येक खोक्यात बिलाची किंवा कंपनीच्या मान्यतेच्या ईमेलची प्रत ठेवली आहे, म्हणजे उद्या फोन विकायची वेळ आली तर समोरच्याला दाखवता येईल. सहाव्या मुलाला पुढच्या देणगीतला पहिला फोन द्यायचा असे ठरले आणि तोवर ताईंनी स्वतःचा जुना फोन त्याला वापरायला दिला.

गॅलेक्सी अभ्यासिकेतच राहिला. वायफायवर तो शब्दकोश आणि पाठांच्या चित्रफिती दाखवतो, त्यामुळे त्याला साखळीने टेबलाशी बांधून ठेवले आहे. सिमचा ट्रे काढून माझ्या कपाटात ठेवला, म्हणजे कुणी सिम घालणार नाही आणि पिन मागणारी ती चौकट पडद्यावर येणार नाही. किती प्रयत्न शिल्लक आहेत हे फोन सांगत नाही. वहिनींच्या मुलाचे जून महिन्यातले तिकीट निघाले आहे.